शेवटचा परिच्छेद

"आलात का मास्तर, परंतु घेऊन?"

छगनने मान वर न करताच विचारलं. याकोब मास्तर उंबऱ्याशी चपला काढत होते. छापखान्यात चपला काढायची खरं तर काही गरज नव्हती. फरशीवर शाईचे डाग होते, कागदाच्या कातरणी पसरलेल्या होत्या. पण मास्तर पहिल्या दिवसापासून चपला काढत आले होते, आणि छगनने सांगणं सोडून दिलं होतं.

"आणलंय," मास्तर म्हणाले आणि कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेले कागद काढले.

"मग ह्ये बघा. तयारच ठिवलंय."

खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, खणांच्या कडेवरून छगनने चिमटीत मावेल एवढी शिशाची जुडी उचलली. भोवती दोरा गुंडाळलेला. जुळवलेला शब्द होता 'परंतु'. मास्तरांच्या मजकुरात तो इतक्यांदा यायचा, की दर वेळी खणांतून अक्षरं वेचण्यापेक्षा छगनने तो एकदाच जुळवून, बांधून ठेवला होता.

"आसा बांधून ठिवल्याला शबुद दुसऱ्या कुनाचा न्हाई बरं का. मंत्र्याचाबी न्हाई."

मास्तर ओशाळं हसले. त्यांना कौतुक आणि थट्टा यांतला फरक पटकन कळत नसे. म्हणून दोन्हींना ते सारखंच हसत.

मिशनच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. छापखान्याचे मालक रंगनाथरावच एकदा वाचनालयात त्यांच्यासमोर येऊन बसले होते. "तुम्ही ही इंग्रजी मासिकं वाचता, त्यातलं थोडं आमच्या 'सीनाकाठ'ला लिहीत जा की. लोकांना नवं काही कळू द्या." तेव्हापासून नगरच्या त्या लहानशा साप्ताहिकात 'नवी यंत्रे' हे सदर येत होतं. स्वयंपाकाचा गॅस, बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ, मुंबईत सुरू झालेलं टेलिव्हिजन, खिशात मावणारं गणकयंत्र. यातली एकही वस्तू मास्तरांच्या घरी नव्हती. बहुतेक त्यांनी पाहिलीही नव्हती. घरी साधा रेडिओसुद्धा नव्हता. त्यांच्या पत्नी दयाबाई म्हणायच्या, "उपाशी माणसानं पक्वान्नांवर पुस्तक लिहावं, तसं तुमचं."

त्यामुळेच असेल, पण कुठलंही मत ठामपणे मांडताना मास्तरांचा हात अडखळे. गॅसने धूर जाईल, बायकांचे डोळे वाचतील, असं लिहून झालं की नवा परिच्छेद सुरू होई: परंतु टाकी वेळेवर मिळाली नाही तर... परंतु खेड्यापाड्यांत... परंतु याविषयी अधिकारवाणीने बोलण्याची प्रस्तुत लेखकाची पात्रता नाही. गावात त्यांना 'परंतु मास्तर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी कागदाची टंचाई आली. दुष्काळामुळे जाहिराती आधीच आटल्या होत्या. आठ पानांचा अंक चार पानांवर आला आणि रंगनाथरावांनी छगनला एक कायमची सूचना देऊन ठेवली: जागा कमी पडली तर मास्तरांच्या मजकुरातलं 'परंतु'पासून खालचं सोडून द्यायचं. विचारायलासुद्धा यायचं नाही. हे त्यांनी मास्तरांच्या देखतच सांगितलं होतं.

"चालेल ना मास्तर? वर काय ते सगळं आलेलंच असतं."

"चालेल की," मास्तर म्हणाले होते. "उडवा हो. काही बिघडत नाही."

त्या दिवशी कागद छगनकडे देऊन मास्तर निघणार, तोच रंगनाथरावांनी आतून हाक मारली. टेबलावर गुळगुळीत कागदावरचं एक माहितीपत्रक होतं. पुण्यातल्या एका नव्या छापखान्याने पाठवलेलं. टाइपरायटरसारख्या कळा दाबल्या की मजकूर जुळतो, आणि ऑफसेटच्या यंत्रावर अंक छापून निघतो. फोटो आरशासारखे. शुक्रवारी सकाळी एसटीने गठ्ठा नगरला पोचता करू, असं त्यांचं म्हणणं होतं.

"स्वस्त पडतंय, सुबक पडतंय," रंगनाथराव म्हणाले. मग जरा वेळ त्यांनी कागद दाबायच्या काचेच्या गोळ्याशी चाळा केला. "पण वडिलांचा छापखाना. आणि छगन वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. माझं काही ठरत नाही. तुम्ही यावर लिहा. तुम्हाला यंत्रांतलं कळतं. तुमचं मत छापून आलं की लोकांनाही सांगता येईल, जे केलं ते विचार करून केलं. किंवा नाही केलं, ते विचार करून नाही केलं."

बाहेर छपाईचं ट्रेडल मशीन बंद होतं. आतलं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू गेलं असणार. मास्तर चपला पायांत सरकवत होते तेव्हा छगन जवळ आला.

"मला समदं ठावं हाय, मास्तर. लपवायचं कशाला?"

"अजून काही ठरलेलं नाही, छगन."

"तुमी लिवाल ते ठरंल." छगनने बोटांकडे पाहिलं. शिशाने काळवंडलेली, टोकांना चपटी झालेली बोटं. "माझी बायकू राही मिरजगावला दुष्काळी कामावर खडी फोडती. मीबी जाईन, त्याचं काय न्हाई. पर ह्या बोटास्नी खिळ्याबिगर दुसऱ्या कशाचं वजन ठावं न्हाई बगा. हातोडा धरला तर बायाबी हसतील." तो स्वतःच आधी हसला. "लिवा तुमी. तुमी बरूबरच लिवाल."

मास्तरांना काही बोलायचं होतं. लिहून दाखवू, असं मनाशी म्हणत ते घरच्या वाटेवर माळीवाड्यापर्यंत आले.

आठवडाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. लिहायचं आणि फाडायचं. यंत्राविषयी खोटं लिहिता येत नव्हतं. यंत्र चांगलंच होतं. वेग, सुबकता, चित्रं, हे सगळं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, अशा यंत्राचं स्वागत व्हायला हवं असंही. शाळेतल्या मुलांना प्रयोग समजावून सांगावा तसं, नीट. मग नवा परिच्छेद आला, आणि हात सवयीने 'परंतु' लिहून मोकळा झाला. पण त्यापुढे या वेळी पात्रतेची गोष्ट आली नाही. मास्तरांनी पेन टेकवलं ते उचललंच नाही.

"वाचा ना," चुलीपाशी बसलेल्या दयाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी वाचलं.

"परंतु हे यंत्र 'सीनाकाठ'ने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा प्रत्येक शब्द आजवर छगन नावाच्या माणसाच्या हातून गेला आहे. माझे लिखाण पूर्ण वाचणारा या शहरात तो एकटाच असावा. यंत्र आणायचेच असेल, तर आधी त्याच्या कळा छगनला शिकवाव्यात. ते जमत नसेल, तर आपला अंक थोडा डागाळलेला निघालेला बरा. त्या डागांत आपल्याच गावच्या माणसाचा हात आहे."

दयाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "अहो," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

"जास्त झालं का? काढू का शेवटचं वाक्य?"

"हात लावाल तर बघा."

मंगळवारी मास्तर छापखान्यात गेले तेव्हा छगन कुठल्याशा लग्नपत्रिका जुळवत होता. त्याने कागद घेतले, खुंटीला खोचले. आज त्याने 'परंतु'ची चेष्टा केली नाही. मास्तर दारात घुटमळले. शेवटचा परिच्छेद नीट बघ, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर ते उपकार केल्यासारखं वाटलं असतं. जुळवताना वाचेलच, असा विचार करून ते निघाले. त्या दिवशी त्यांनी चुकून छगनच्याच चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकावरून परत आले. कोणी हसलं नाही.

शुक्रवारी अंक आला. दयाबाईंनी चष्मा लावून वाचायला घेतला आणि मध्येच थांबल्या.

"अहो, संपलं की हे."

मास्तरांनी अंक हातात घेतला. "...तेव्हा या यंत्राचे स्वागत करणे हेच काळाशी सुसंगत ठरेल, यात शंका नाही." तिथे मजकूर संपत होता. खाली चौकटीत एका कापड दुकानाची लग्नसराईची जाहिरात होती.

मास्तर टोपी न घालताच निघाले.

रंगनाथरावांच्या खोलीत दोन माणसं बसली होती. एक पुण्याच्या छापखान्याचा माणूस, दुसरे ते कापड दुकानवाले सूर्यभानशेठ. समोर भज्यांची बशी होती.

"या, या मास्तर!" रंगनाथराव उठून उभे राहिले. मास्तरांसाठी ते यापूर्वी कधी उठले नव्हते. "हेच ते आमचे मास्तर. इतकी वर्षं लिहितायत, पण आज पहिल्यांदा छातीठोक लिहिलंय. मनातली घालमेल संपली बघा माझ्या. आत्ताच यांना होकार दिला."

पुण्याच्या माणसाने हात जोडले. मास्तरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"परंतु, रंगनाथराव—"

खोलीत हशाचा स्फोट झाला. सूर्यभानशेठ तर मांडीवर थाप मारून हसले.

"आलं, आलं!" रंगनाथराव डोळे पुसत म्हणाले. "छगन, अरे छगन! हे बघ, तोंडीसुद्धा आलं. उडव रे ते!"

मास्तरही हसले. नेहमीसारखंच. हसताना त्यांना आपल्या चेहऱ्याचा इतका राग आला की त्यांनी भज्यांच्या बशीकडे पाहत मान खाली घातली. पुढचं वाक्य तोंडात होतं. पण ते ऐकायला आता समोर कोणी नव्हतं. ते तिघे पुन्हा एसटीच्या वेळांविषयी बोलू लागले होते.

बाहेर छगन घासलेटच्या डब्यापाशी हात धूत होता. त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही.

"ब्येस लिवलंत," तो म्हणाला.

"छगन, शेवटचा कागद..."

"त्यो सोडला. मालकांनी ऐन टायमाला कापडवाल्याची जाहिरात आनली. मग 'परंतु' दिसलं, तितनं खालचं सोडलं. तुमीच म्हनला हुता, काय बिघडत न्हाई."

"वाचला नाहीस?"

छगनने आता मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"वरचं जुळवलं तेवढंच लई झालं, मास्तर."

"कागद आहे का कुठं?"

"ह्यो काय." छगनने पायाजवळच्या टोपलीकडे बोट केलं. "हात पुसलं त्येनं."

टोपलीत कागदाचा काळा बोळा पडला होता. घासलेटने निळी शाई पसरून ओळींचा नुसता ढग झाला होता. मास्तर तिकडे बघत राहिले.

"का वं? काय हुतं त्यात?"

या एका प्रश्नासाठीच मास्तर घरून धावत आले होते. सांगितलं असतं तर या माणसाच्या डोळ्यांतलं ते काही तरी लगेच गेलं असतं. आपलं इतक्या वर्षांचं लिहिणं छगनपुरतं तरी स्वच्छ झालं असतं. पण मग छगनने स्वतःच्याच हाताने काय सोडलं, कशाने हात पुसले, हे त्याला कळलं असतं. आणि ते तो मिरजगावला, खडीच्या ढिगावर, रोज उगाळत बसला असता. आत होकार तर केव्हाच देऊन झाला होता.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "नेहमीचंच."

छगनने मान डोलावली. जणू त्याला तेच अपेक्षित होतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा खिळे वजनावर विकले गेले. पोत्यांत भरताना ते गव्हासारखे सळसळले, असं कोणीतरी मास्तरांना सांगितलं. छगन जाणार त्या दिवशी मास्तर माळीवाड्याच्या स्टँडवर गेले. दयाबाईंनी करून दिलेल्या दशम्या फडक्यात बांधून दिल्या. छगनने त्या घेतल्या आणि ट्रंकेवर ठेवल्या. मिरजगावकडे जाणारी गाडी लागली तसा छगनने सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"ह्ये वजनात घातलं न्हाई. तुमचं हाय, तुमी घ्या."

दोरा मळला होता, पण गाठ घट्ट होती. मास्तरांनी जुडी मुठीत घेतली. गाडी हलली. खिडकीतून छगनने हात केला नाही, पण तो वळणापर्यंत बघत होता, असं मास्तरांना वाटलं. नक्की सांगता आलं नसतं.

पुण्याहून छापून आलेला पहिला अंक खरोखरच देखणा होता. पानं पुन्हा आठ झाली होती. दयाबाईंनी सदर शेवटपर्यंत वाचलं.

"आज सगळं छापलंय की हो. परंतुसकट."

"हो," मास्तर म्हणाले. "यंत्र काही सोडत नाही."

त्यांनी पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. पूर्वी तिथे खिळ्यांचे उमटलेले बारीक उंचवटे लागायचे. आता कागद दोन्हीकडून गुळगुळीत होता. मास्तरांनी अंक घडी करून ठेवला, खिशातली जुडी काढली आणि तिच्यावर अंगठा दाबून धरला, बराच वेळ. उचलला तेव्हा उलट्या अक्षरांचा तो शब्द अंगठ्यावर सुलटा उमटला होता, अजून उरलेल्या शाईने थोडा काळा. दिव्याजवळ नेऊन त्यांनी तो वाचला. मग हळूहळू कातडी जागच्या जागी आली आणि शाईचा डाग तेवढा राहिला.