शून्य नंबरचं वादळ

एप्रिल संपत आला की तेजश्रीला जिकडे तिकडे पडलेली घरं दिसू लागत. झोपेत नव्हे, चांगली टक्क जागी असताना. बसमधून एखादी इमारत दिसली की तिचं छप्पर कसं बसवलंय आणि भिंत पायाशी कशी जोडलीय, तिकडेच आधी नजर जायची. नवरा प्रशांत एकदा वैतागून म्हणाला होता, "निदान आपल्या घराकडे तरी राहतं घर म्हणून बघत जा."

तो चुकीचं बोलत नव्हता, पण तिचं कामच तसं होतं. अमेरिकेत वसंत ऋतू आला की टोर्नेडो उठतात आणि ते उठले की हैदराबादेतल्या तिच्या ऑफिसात फोटोंचा ढीग येऊन पडतो. विमा कंपन्यांसाठी प्रत्येक फोटोतल्या पडझडीला शून्य ते पाच यांतला एक आकडा द्यायचा. अशा वाऱ्याचा वेग जागेवर सहसा कुणाला मोजता येत नाही, म्हणून त्यानं काय मोडलं यावरून त्याचा जोर ठरवायचा. त्यातही मेख अशी की कच्चं घर पडलं तर त्याचे फारसे गुण मिळत नाहीत. ते कशानंही पडलं असतं. चांगलं बांधलेलं घर पायापासून उखडून निघालं तर पाच. आणि मोकळ्या रानातून केवढाही राक्षस नाचून गेला, पण वाटेत मोडण्याजोगं काही नव्हतं, तर हिशेबात तो जवळजवळ नसतोच.

आणखी एक गोष्ट तिला पहिल्याच वर्षी शिकवली होती. फोटोत माणूस असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही. रडणारा चेहरा दिसला की हात आपोआप वरच्या आकड्याकडे जातो, आणि मग सगळा अहवाल चुकतो. सुरुवातीला हे फार जड गेलं. पुढे सवय झाली. आता फोटोत माणूस होता की नव्हता, हे विचारलं तर तिला खरोखर सांगता आलं नसतं. नोकरी चांगली असली की तिची अशीही सवय लागते. तक्रार कुणाकडे करायची?

अंबरपेठेत राहणाऱ्या तिच्या वडिलांना, मुकुंदरावांना, या नोकरीचा कोण अभिमान. त्यांचं नामपल्लीला वह्या-पेनांचं दुकान होतं. ते बंद केल्यावर आणि बायको गेल्यावर त्यांनी खालचं घर कनकम्माला भाड्यानं दिलं आणि स्वतः गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मुक्काम हलवला. सकाळी टिफिन सेंटरवर इडली खाताना शेजारी जो कुणी सापडेल त्याला ते सांगत, "हमारी बेटी अमेरिका के तूफानां नापती. कौनसा बडा, कौनसा छोटा, वो बोली तो बस, फैसला." ऐकणारा मान डोलावून चटणी मागायचा.

यंदाचा मोसम नुसता जीव खाणारा होता. मार्चमध्ये एका दिवसात टोर्नेडोंचा मोठा उद्रेक झाला, आणि तो निस्तरतोय तोवर एप्रिलमध्ये दुसरा. आता वरून फर्मान आलं होतं की दोन्हींची तुलना करा आणि यातला जास्त भयंकर कोणता ते गुरुवारपर्यंत सांगा. मार्चमधले टोर्नेडो मोजकेच, पण एकेक गावच्या गाव सपाट करून गेलेला. एप्रिलमधले संख्येनं कितीतरी जास्त, पण बरेचसे रानातून भटकलेले. तेजश्री एकदा या बाजूनं आकडे मांडायची, एकदा त्या बाजूनं. डोळ्यांची आग व्हायची. घरी आल्यावर भाजीला फोडणी देतानाही डोक्यात मार्च की एप्रिल, एवढंच चालू असायचं.

त्यातच रविवारी संध्याकाळी हैदराबादेत वारा सुटला. दिवसभराच्या उकाड्यानंतर दर उन्हाळ्यात एकदोनदा सुटतो तसाच, पण जरा जास्त. तारनाक्याला तिच्या घरासमोरची गुलमोहराची फांदी पडली, वीज गेली, प्रशांतनं मेणबत्ती शोधली, आणि ती दोघं लवकर झोपली.

सोमवारी सकाळी मुकुंदरावांच्या फोनवरून एक फोटो आला. कनकम्मानं काढलेला असणार, कारण त्यांना तेवढं जमत नसे. तेजश्रीनं तो बसमध्ये उभ्या उभ्या पाहिला आणि पाहता पाहताच फोन लावला.

"नाना, पत्रे गेलेत नुसते. भिंती चारी शाबूत आहेत. पत्रे नुसत्या हुकांवर होते, ते कशानंही उडाले असते."

"हो का," मुकुंदराव म्हणाले. "आवाज फार झाला गं."

"पत्र्याचा आवाज होतोच. आमच्याकडे याला शून्य म्हणतात. शून्य नंबरचं वादळ."

"शून्य?" ते म्हणाले. "मग बरं झालं. मी उगीच घाबरलो."

"तुम्ही खाली कनकम्माकडे झोपताय ना?"

"व्हरांड्यात झोपतो. तू येशील का एकदा?"

"गुरुवारी काम संपलं की लगेच येते. यायलाच पाहिजे का आधी?"

"नाही, नाही. ये सवडीनं," ते म्हणाले. "शून्यच तर आहे."

मंगळवारी त्यांचा पुन्हा फोन आला आणि तिनं तो मीटिंगमध्ये असल्यामुळे घेतला नाही. बुधवारी तिनं केला, तर ते कमी बोलले. आवाज दमल्यासारखा वाटला. उन्हाळा आहे, वय आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिच्या स्वतःच्या आवाजात तरी कुठे जीव उरला होता? एक दिवस काढायचा होता, मग अंबरपेठेला जाऊन त्यांच्या हातचा चहा प्यायचा आणि पत्रेवाल्याला बोलावायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी दुपारी निकाल लागला. मार्च पहिला, एप्रिल दुसरा. टीमची प्रमुख मानसी पुण्याहून दोनच महिन्यांपूर्वी आली होती. वयानं लहान, पण सगळ्यांना ताई-दादा म्हणणारी. तिनं अहवाल पाठवला, लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला. कुणाच्याही अंगात हसण्याचं त्राण नव्हतं. निदान काहीतरी हलकं बोलावं म्हणून तेजश्रीनं फोन काढला.

"आमच्याकडेही झाला बरं का उद्रेक," ती म्हणाली. "हे बघ, माझ्या वडिलांची खोली. दे नंबर."

मानसीनं फोटो पाहिला. तिला अजून नीट सवय झालेली नव्हती, म्हणून तिची नजर आधी पत्र्यांवर गेलीच नाही.

"ताई, हे काका तुमचे वडील का?"

"कुठे?"

"हे काय, कॉटवर बसलेत. त्यांनी हात असा का धरलाय?"

तेजश्रीनं फोन हातात घेतला. कोपऱ्यात कॉट होती. कॉटवर आडवा पडलेला लोखंडी पाइप होता, ज्यावर पत्रे बसवलेले असत. आणि त्याच्या शेजारी बनियनवर बसलेले मुकुंदराव, उजव्या हातानं डावा हात छातीशी घट्ट धरलेला, डावा खांदा खाली ओघळलेला. हा फोटो तिच्याकडे चार दिवस होता. हुक तिला दिसले होते. भिंतीचा गिलावा दिसला होता. बाप दिसला नव्हता.

ती रस तसाच ठेवून निघाली.

अंबरपेठेच्या गल्लीत रिक्षा थांबली तेव्हा कनकम्मा दारातच उभी होती. वयानं साठीची, तोंडानं फटकळ. तिनं तेजश्रीला आत येऊ देण्याआधीच सुरू केलं.

"आयी क्या बेटी? गालीवाना आया, वो हवा-पानी का तूफान, पाइप गिरा खांदे पे. मैं बोली दवाखाने को चलो, चलो. नक्को बोलते. रात भर सोते नै, बैठ के रहते."

"मुझे क्यों नहीं बताया, अम्मा?"

"मैं बोली, बेटी को बोलती. वो बोले, नक्को, बेटी को मालूम है, फोटो भेजे."

मुकुंदराव व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. खांद्याला कनकम्माच्या जुन्या साडीची झोळी बांधलेली होती. मानेपासून दंडापर्यंत काळंनिळं झालं होतं. तिला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि मध्येच तोंड कसंनुसं करून पुन्हा बसले.

"झालं का काम? कोणतं मोठं निघालं?" त्यांनी विचारलं.

"नाना, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. तू शून्य म्हणालीस," मुकुंदराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुझं तर हे रोजचंच काम. म्हटलं, शून्याच्या वादळात माणसाला असं किती लागणार? आपणच नाजूक झालो असू. कशाला बोभाटा करायचा?"

तिला रडायचं होतं, पण रडायचीही ताकद नव्हती. तिनं कनकम्माच्या मदतीनं त्यांना सदरा घातला, एकच बाही, आणि त्याच रिक्षात बसवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटत होते.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, खांदाही सरकलेला. तरुण डॉक्टर मराठीच निघाली, त्रिवेणी नावाची, नांदेडकडची. तिनं फोटो उजेडापुढे धरून पाहिला आणि मुकुंदरावांकडे आश्चर्यानं बघितलं.

"आजोबा, चार दिवस कसे काढले तुम्ही? बरं, सांगा मला, दुखतंय किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. यात तुमचा आकडा किती?"

मुकुंदरावांनी तेजश्रीकडे पाहिलं. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारल्यावर शेजारच्याकडे बघावं तसं.

"हिला विचारा," ते डॉक्टरला म्हणाले. "आकड्यांचं हिला कळतं."

डॉक्टर तिच्याकडे वळली. तेजश्रीनं खाली बसून त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढली होती. ओठ आतून चावून चावून सोलले होते.

"मला काही कळत नाही, नाना," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

त्यांनी तिची बोटं घट्ट धरली.

"नऊ," ते म्हणाले. "रात्री दहा होतं गं."