कांदाचाळीतल्या रेकॉर्डी

माल एकदम बाजारात उतरवू नये, हे धर्माजीला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्या रक्तातच होतं. कळंबातल्या निम्म्या लोकांचा कांदा काढणीबरोबर मंचरच्या बाजारात जायचा, तेव्हा धर्माजीची कांदा साठवायची चाळ गच्च भरलेली असायची. गणपती उठले की तो थोडा थोडा माल बाहेर काढायचा. लोक म्हणायचे, म्हातारा कांदा विकत नाही, गिऱ्हाइकाला झुलवतो. चिडवणाऱ्यांत त्याची बायको ठकूबाई पहिली. "ह्यांनी लग्नात मला तेवढी एकदम घरी आणली," ती म्हणायची, "बाकी समदं हप्त्यानं."

अशा माणसाच्या हाती एकुलती एक नात आणि सात खोकी रेकॉर्डी एकाच वेळी आल्या. मग व्हायचं तेच झालं.

रेकॉर्डी भरतच्या, म्हणजे धर्माजीच्या मुलाच्या. भरत पुण्यात कंपनीत होता. कंपनीनं काही वर्षं परदेशात धाडलं, तिथं त्याला ह्या काळ्या तबकड्यांचा नाद लागला. पुढं बायकोशी, अश्विनीशी, पटेना. संसार मोडला, लेक संस्कृती आईकडे राहिली आणि भरत खोक्यांसकट कळंबला परतला. घरामागच्या गार, अंधाऱ्या खोलीत दिवसभर लॅपटॉपवर काम करायचा आणि दिवेलागणीला एक रेकॉर्ड लावायचा. एखादीत कुणी बाई गिटार घेऊन, शेजारचं मूल झोपलंय अशा बेतानं गायची. एखादीत सनईच्या थोरल्या भावासारखं वाद्य दमादमानं कण्हायचं. तिसऱ्या जातीच्या रेकॉर्डीत तर काहीच व्हायचं नाही. एकच सूर, नदीवरच्या धुक्यासारखा, ना पुढं ना मागं. धर्माजी बाहेर ओट्यावर बसून आता गाणं सुरू होईल, मग होईल, अशी वाट बघायचा. तेवढ्यात रेकॉर्ड संपायची.

"झालं?" धर्माजी विचारायचा.

"झालं," भरत म्हणायचा.

बापलेकांत दिवसभरात बोलणं झालं तर एवढंच. रेकॉर्डीला मात्र भरत कुणाला बोट लावू द्यायचा नाही. ठकूबाईनं एकदा पदरानं पुसायला घेतली, तर अंगावर साप पडल्यासारखा ओरडला. तेव्हापासून दोघं म्हातारी त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच असायची.

गेल्या साली थंडीत भरत झोपेतच गेला. कुणाला हाक मारली असेल तर ती कुणाला ऐकू आली नाही.

वर्षश्राद्धाला संस्कृती आली. बावीस वर्षांची पोर, एकटी गाडी चालवत. जेवणं उरकल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, बाबांच्या रेकॉर्डी मी घेऊन जाऊ? सगळ्या? गाडीत बसतील."

ठकूबाई खोकी काढायला उठलीसुद्धा. धर्माजी उठला नाही. त्यानं नातीकडं बघितलं. ही पोरगी जन्मापासून ह्या अंगणात जितक्या वेळा आली, त्याहून गुरांचा डॉक्टर जास्त वेळा आला असेल. बाप होता तोवर बापापायी यायची. आता बाप गेला, राहिल्या त्या रेकॉर्डी. त्या गाडीत चढल्या की ह्या पोरीला कळंबचा फाटा परत दिसायचं कारण नाही. हिशेब सरळ होता: रेकॉर्डी संपल्या की नात संपली.

"यकदम कशाला?" तो म्हणाला. "तुज्या खोलीत जागा तरी हाय का तेवढी? एक खोकं ने. ऐक निवांत. बाकीच्या मे महिन्यात."

पोरीचा चेहरा उतरला, पण हट्ट करण्याइतकी तिची ओळखही नव्हती. एक खोकं घेऊन गेली.

"पोरगी हाय ती," ठकूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "गिऱ्हाईक न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं? मे म्हैन्यात एक खोकं, गणपतीत एक, दिवाळीला एक. दोन वर्सं कुठं गेली न्हाईत."

"आन मग?"

"तवर लळा लागंल की."

मनात त्यानं पुढचंही ठरवलं होतं. मेमध्ये आली की तिला ओझरच्या गणपतीला न्यायचं. सकाळी लवकर दर्शन बरं, म्हणून आदल्या रात्री मुक्कामच करायला लावायचा.

आणि डाव बसला, असंच दिसायला लागलं. संस्कृतीचा दर रविवारी फोन यायला लागला. आधी नुसतं रेकॉर्डींचं विचारायची, मग आजीच्या गुडघ्याचं, मग म्हशीचं. एकदा म्हणाली, "आजोबा, रात्री लावते एखादी. बाबा शेजारच्या खोलीत आहेत असं वाटतं." धर्माजी म्हणाला, "जेवत जा वेळेवर." पण त्या दिवशी तो सोमाजीच्या टपरीवर जाऊन विनाकारण चहा पिऊन आला आणि नातीचा फोन आला होता हे तीन वेगवेगळ्या माणसांना सांगून आला.

मार्चमध्ये त्यानं सहज एक खोकं उघडलं. कुबट वास आला. वरच्या कव्हरावर पांढरी बुरशी धरलेली. धर्माजीनं घाईनं बाकीची खोकी उघडली. दोन वर्षं पुरवायचा माल, आणि आत्ताच वास! कोंडलेला माल सडतो, हे त्याला सांगायला नको होतं. गोणीत कोंडला कांदा आठवड्यात पाणी सोडतो. मालाला हवा पाहिजे. खालून, वरून, चारी बाजूंनी. आणि तशी हवा त्याच्याकडं एकाच ठिकाणी होती.

कांद्याची चाळ. जमिनीपासून उचललेली, तळाला बांबूच्या पट्ट्या, बाजूंना जाळी, वर पत्रा. त्यातला पश्चिमेकडचा, सगळ्यात हवेशीर कप्पा त्यानं रिकामा ठेवला. रेकॉर्डी कव्हरांतून काढल्या, पोत्याच्या फडक्यानं एकेक पुसली आणि बांबूवर, एकमेकीला लागणार नाही अशी, आडवी मांडली. कव्हरं सुतळीनं बांधून माळ्यावर टाकली. कांदा काढून झाला तेव्हा चाळीचे बाकीचे कप्पे भरले. ह्या एकात मात्र कांद्याची पातही गेली नाही. जागा नाही म्हणून उरलेला कांदा त्यानं शेतातूनच विकला. धर्माजीनं काढणीच्या भावात कांदा विकला, हे ऐकून सोमाजी मुद्दाम चाळ बघायला आला.

"धर्माभाऊ, काय मांडलंय ह्ये? थालपिटं?"

"भरतच्या रेकॉर्डी हायेत. नातीच्या."

"मोड आलं की सांगा राव. आमी बी लावू दोन-चार."

धर्माजी हसला नाही. सकाळच्या गारव्यात तो रोज कप्प्यात शिरायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून सगळी परीक्षा नाकानं आणि हातानं. वास गेला होता. बुरशी नव्हती. दर दोन-चार दिवसांनी तो त्या उलटवायचा, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागेल. एप्रिलच्या अखेरीला बोटांना त्या जराशा लहरी लागायला लागल्या, भाकरी तव्यावर फुगू बघते तशा. पण मुळात त्या कशा असतात हे त्याला कुठं ठाऊक होतं? भरतनं कधी हातात दिलीच नव्हती.

फोनवर संस्कृती विचारायची, "रेकॉर्डी नीट आहेत ना, आजोबा?"

"एकदम हवेशीर ठिवल्यात."

"वा, बरं केलंत."

ह्यावर दोघंही समाधानी होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. ठकूबाईनं पुरणाचा घाट घातला होता, गादीला नवी खोळ घातली होती. पण पोरगी पाणी पिता पिताच म्हणाली, "आधी रेकॉर्डी बघू?"

"चल," म्हणून धर्माजी पुढं झाला. भरत दुपारी कधी बापाबरोबर चाळीकडं आला नव्हता. नात येत होती. धर्माजीची चालच बदलली होती. ती मागून गेली, आणि बाबांच्या खोलीकडं न वळता हे कुठं चाललेत, असं तिच्या तोंडावर आलेलं त्याला दिसलं नाही. पत्र्याखाली तव्यासारखी धग होती. जाळीतून आलेलं ऊन कप्प्यावर सरळ पडलेलं.

"बघ," धर्माजी म्हणाला. "एकाला बी बुरसी न्हाई."

संस्कृती पुढं वाकली. तिनं हात घालून एक उचलली. रेकॉर्ड दोन बांबूंच्या मध्ये ओघळून पुन्हा थिजली होती. दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"आजोबा, हवेशीर म्हणजे... इथं?"

"मंग! खोलीत कोंडून मारायच्या व्हत्या का? आपल्या कांद्याला नाय दिली ही जागा."

ती चार-पाच रेकॉर्डी छातीशी धरून घरात गेली. भरतच्या खोलीत त्याचा प्लेअर तसाच होता. तिनं त्यातल्या त्यात सरळ दिसणारी लावली. सुई वर चढायची, खाली आदळायची. गिटारवाली बाई दोन शब्द गायची, बुडायची, वर यायची, पुन्हा बुडायची. मग सुई घसरून कडेला गेली आणि नुसती करकरत राहिली.

"ह्येच गाणं हाय का?" ठकूबाईनं उंबऱ्यातून हळूच विचारलं.

"ती सुरू न हुणारी जात असंल," धर्माजी म्हणाला.

संस्कृतीनं दुसरी लावली. तिसरी तर सुईखाली फिरेचना. पाचवीनंतर तिनं प्लेअर बंद केला आणि पाठमोरीच म्हणाली, "सगळ्या गेल्या, आजोबा."

"गेल्या म्हंजी? हायेत की समद्या. मोजून घे. एक कमी निघाली तर..."

"आहेत. पण वाजणार नाहीत आता. उन्हानं वाकल्या."

खोलीत गार होतं. भिंतही हाताला गार लागत होती. धर्माजीनं हात लावला आणि काढून घेतला.

"जात्याखाली ठिवू," तो घाईनं म्हणाला. "जड जातं हाय आपलं. महिनाभर ठिवू, सरळ हुतील. तू दिवाळीला ये, तवर..."

"नाही होत तसं."

ठकूबाई नवऱ्याकडं बघत होती. फेब्रुवारीत मी खोकी काढायला उठले व्हते, आन बसवलं तुमी, असं तिनं म्हणण्याची तो वाट बघत होता. ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

पोरगी रडली नाही, ओरडली नाही. भरतसारखी ओरडली असती तर धर्माजीला घरचं माणूस ओरडल्यासारखं वाटलं असतं. ती पाहुण्यासारखी वागली. पुरणपोळी खाल्ली, छान झालीय म्हणाली. कव्हरं देऊ का, विचारलं तर म्हणाली, "नको, बघवणार नाही." मुक्कामाचा आणि ओझरचा विषय ठकूबाईनं काढला, तर उद्या काम आहे म्हणाली. उठताना तिनं विचारलं, "प्लेअर नेऊ का? माझा साधा आहे. निदान ते एक खोकं बाबांच्या प्लेअरवर ऐकीन."

"तुजाच हाय," धर्माजी म्हणाला.

त्यानं स्वतः तो गोधडीत गुंडाळला. भिंतीतली वायर काढली, मोबाईलच्या चार्जरसारखी काळी, बारकी वायर. ती प्लेअरवर ठेवायला त्याचा हात गेला आणि मधेच थांबला. ठकूबाई डबा भरत होती. पोरगी अंगणात गाडीचं दार उघडत होती. वायर धर्माजीच्या सदऱ्याच्या खिशात गेली.

मग तो प्लेअर त्यानं लेकरासारखा उचलून मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला. सात खोक्यांसाठी रिकामी करून आणलेली गाडी, तीत एक गोधडीचं गाठोडं. ठकूबाईनं कांद्याची पिशवी पुढं केली. पोरीनं नको म्हणत घेतली.

"ये मंग दिवाळीला," धर्माजी म्हणाला.

"बघू, आजोबा."

बघू म्हणून गेलेला व्यापारी परत येत नाही, हे त्याला पन्नास वर्षांच्या बाजारानं शिकवलेलं. पण ह्या वेळी खिशात वायर होती. संध्याकाळभर तो ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसला. ठकूबाईनं दोनदा विचारलं, कुणाची वाट बघता? तो म्हणाला, पोचली का ते कळंल की.

फोन आला.

"आजोबा, पोहोचले. अहो, त्या प्लेअरची वायर तिकडं राहिली का?"

"व्हय व्हय! हाय की," धर्माजी उठूनच उभा राहिला. "हितंच राह्यली बघ. म्या नीट ठिवलीया. कवा येतीस न्यायला? आयतवारी आलीस तरी चालंल. आजी म्हनती, आंब्याचा रस..."

"अहो, नको नको. तेवढ्यासाठी कशाला?" पोरगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "इथं कुठंही मिळते तसली. ती तुम्ही टाकून द्या."

"टाकू?"

"हो. बरं, ठेवते. आजीला सांगा."

ठकूबाई दारात आली. "पोचली?"

"पोचली."

"काय म्हन्ली?"

"काय न्हाई. तुला सांगा म्हन्ली."

"काय सांगा?"

धर्माजी आठवू लागला, पण 'आजीला सांगा' ह्याच्या पुढं पोरगी काही म्हणाली नव्हती.