मोरीचा उतार

कॅलेंडरच्या खालून ओलीचा डाग बोटभर बाहेर आला होता — फिकट, पिवळसर, कडेला पांढरा क्षार फुललेला... मोहना चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. अख्ख्या घरात या एकाच डागानं तिला नि नवऱ्याला दाद दिली नव्हती. तिनं कप ठेवला, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि कपाटामागे सारलं. थोड्या वेळानं घर बघायला माणसं येणार होती. बघू देत.

हे चौथं घर. पहिलं वाडीतलं, पार मोडकळीला आलेलं. नवऱ्याचा, जनार्दनचा, हिशेब साधा होता: पडीक जागा घ्यायची, रिफायनरीतली पाळी सांभाळून स्वतः राबून ती उभी करायची, आणि राहण्याजोगी झाली की विकायची. “मजुरी आपली, मग नफाही आपलाच,” असं तो म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं. मुलीचं, मनालीचं, शिक्षण, लग्न, सगळं त्यातूनच निघालं. पण राहण्याजोगी झाली की विकायची — म्हणजे राहायचं कधी? लांबी भरून भिंती घासल्या त्या मी, नव्या सिमेंटला पहाटे उठून पाणी मारलं ते मी, आणि धूळ खाली बसते न बसते तोच खोकी बांधायची तीही मीच... पुण्याहून मनाली फोनवर विचारते, “आई, सध्या स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे?” हसून विचारते. निजामपुऱ्यातलं हे बैठं घर काही झालं तरी सोडायचं नाही, हे मोहनानं मनाशी पक्कं केलं होतं. भांडायचं त्राण मात्र उरलं नव्हतं. म्हणून तो डाग उघडा.

दलालाबरोबर एक गुजराती जोडपं आलं. बाई चुणचुणीत, तडक भिंतीपाशी गेली, डाग नखानं खरवडला आणि नवऱ्याला म्हणाली, “काम काचुं छे. बधुं फरी करवुं पडशे.” काम कच्चं, सगळं पुन्हा करावं लागणार.

जनार्दननं रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, मग मोहनाकडे. तिनं आता फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच.

“काचुं नथी, बेन,” मोहना म्हणाली.

आणि मग तिला थांबताच येईना. ओल बाहेरच्या टाकीच्या पाइपाची आहे, पाइप बदलला की गेली. गिलावा ठोकून बघा, कुठे पोकळ वाजतो का... बोलता बोलता तिनं त्या बाईला मोरीत नेलं. गवंड्यानं उतार चुकवला होता, तेव्हा ही फरशी तिनं स्वतः उखडून पुन्हा बसवली होती, गुडघे सुजेपर्यंत. तिनं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर घुटमळलं, मग गोळा होऊन सगळंच्या सगळं जाळीकडे निघालं. कोपऱ्यात थेंब राहिला नाही.

“जुओ!” मोहना म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता.

“वाह! अमारे त्यां तो आखो दिवस पाणी काढवुं पडे,” बाई हसली; तिच्याकडे म्हणे दिवसभर पाणी काढावं लागतं. संध्याकाळी विसार घेऊन येतो, असं सांगून ती माणसं गेली.

जनार्दननं कपाटामागचं कॅलेंडर काढलं, पुन्हा खिळ्याला लावलं. त्याचे हात सिमेंटनं फुटलेले, केस पार पिकलेले... हाही दमलाय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“दमलीस?”

“दमले.” हे तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. “मग नाही म्हणून कळवतो त्यांना. राहू या इथेच. गोरव्याला एक पडीक घर बघितलं होतं मी... पण राहू दे ते.”

इतकं सोपं होतं? हो म्हणायचं होतं. हो, राहू या. शब्द ओठांपर्यंत आला होता — समोर तिचीच भिंत, तिचीच फरशी, आणि आता त्यात करायला काहीच उरलं नव्हतं...

“तिथल्या मोरीला उतार आहे का नीट?” तिनं विचारलं.

जनार्दन सांगू लागला. मोहना भिंतीला टेकून खाली बसली. आपण इतकी वर्षं चिडत होतो ते नक्की कुणावर, हे तिला आठवेना.