रोज एक रीळ

दुकानात तीनशे बारा खण होते. जमिनीपासून छतापर्यंत, पोस्टकार्डाएवढ्या तोंडाचे लाकडी खण, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या तोंडावर तारेने बांधलेलं एकेक बटण. त्यातले नऊ खण रिकामे होते. एकात खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि एकात आत्याला कधी ना कधी लागतील अशा सुतळ्या. उरलेल्या तीनशे एक खणांत बटणं. ती मी एकेक करून मोजली नाहीत. तीन खणांचं वजन केलं, शंभर बटणांच्या वजनाने भागलं, सरासरी काढली आणि गुणाकार केला. उत्तर एक लाख वीस हजारांच्या आसपास आलं, पाच हजार इकडे-तिकडे. समोरच्या काचेच्या कपाटात दोऱ्याची रिळं, रंगांच्या क्रमाने. काउंटरवर दोन कात्र्या आणि एक टेप. सकाळचे अकरा वाजले होते आणि गिऱ्हाईक शून्य.

"झालं मोजून?" आत्याने विचारलं. "आता खणांना ताप आहे का तेही बघून घे."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधीपासून ती या एकदारी दुकानात बटणं विकते. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट बघत होते, आणि घरात बसून वाट बघण्यापेक्षा दुकानात बसून बघ, असं तिनेच मला सुचवलं होतं. पूर्वी तिच्याकडे शिंप्यांची रीघ लागायची. आता लोक तयार कपडे घेतात आणि बटण तुटलं की शर्ट कपाटाच्या तळाला ढकलतात.

"बटणं तुटायची थांबलेली नाहीत," आत्या म्हणायची. "लावायची थांबली आहेत."

शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले काका सज्जन माणूस, आणि अडचण नेमकी हीच होती, कारण त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. त्यांना मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं. दर दोन-चार दिवसांनी ते यायचे आणि डॉक्टर छाती ठोकून बघतो तशी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायचे.

"ताई, ही भिंत तशी नाजूकच आहे."

"माझ्यापेक्षा टणक आहे," आत्या म्हणायची, आणि विषय चहावर जायचा.

पण त्या महिन्याच्या एक तारखेला ती चहावर गेली नाही. म्हणाली, "हे बघा, महिन्याचा शेवटचा आठवडा धरू. दिवसाला सरासरी दहा माणसं या उंबरठ्याच्या आत आली, तर दुकान राहील. नाही आली, तर चावी तुमची. माशा मारायला मी इथे बसणार नाही."

काकांनी मान हलवली. त्यांनाही काही आनंद झालेला दिसला नाही.

ते गेल्यावर आत्याने एक नीट बंद असलेला खण पुन्हा आत ढकलला. "घरी बसून मी काय करणार गं? तुझ्या बापाला सल्ले देणार. तो आठवड्यात संन्यास घेईल."

ती हसली. हात मात्र खणावरून काढला नाही.

त्याच संध्याकाळी मी दुकानाचं पान उघडलं, फोनवर जिथे सगळं जग दिवसभर बोटं फिरवत असतं तिथे. मी पद्धतशीरपणे सुरुवात केली. एक दिवस सकाळी फोटो टाकायचा, एक दिवस संध्याकाळी. एकदा एकच बटण, जवळून. एकदा संपूर्ण भिंत. काय चालतं ते बघायचं आणि तेवढंच ठेवायचं. शिंपल्याच्या बटणाचा फोटो इतका सुरेख आला की मला स्वतःचाच हेवा वाटला. त्याला चौतीस पसंत्या मिळाल्या.

"चौतीस," मी आत्याला दाखवलं.

आत्याने चष्मा वर केला आणि यादी वाचली. "ही तुझी मावशी. हा तुझा मावसभाऊ. ही तुझ्या वर्गातली, जी परदेशात गेली. हा कोण?"

"माहीत नाही. पंपाचा धंदा आहे वाटतं त्याचा."

"म्हणजे यातलं कुणी येणार नाही." तिने फोन परत दिला. "अंगठा वर करणाऱ्याला पाय असतातच असं नाही, बाळा."

आकडे तिच्या बाजूने होते. पान उघडण्याआधी दुकानात दिवसाला सरासरी तीन माणसं येत होती. पंधरा दिवसांनंतरही तीनच.

तेवढ्यात मला एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. आठवडाभर तिथे राहून चाचणी द्यायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. मी दुकानातच बॅग भरत होते आणि दातात चार्जरची वायर धरून आत्याला सूचना देत होते. व्हिडिओ कसा काढायचा ते मी तिला दोनदा शिकवलं होतं, म्हणून थोडक्यात सांगितलं.

"मी नसताना रोज एक रील टाकत जा. एकच. पण रोज."

"फुकट?" आत्याने विचारलं.

"फुकटच. पैसे घालून करण्याची वेळ अजून आलेली नाही."

"कुठल्या रंगाचं?"

"कुठल्याही. भडक असेल तर बरं, नजर जाते."

"मोठं की छोटं?"

"छोटं. मोठं कुणाला नको असतं."

"आणि लोकांना काही सांगायचं?"

"काही नाही. ते त्यांना आपोआप मिळतं."

आत्याने काचेच्या कपाटावर एक नजर फिरवली. मग म्हणाली, "कल्पना वाईट नाही," आणि मला बरं वाटलं. पंधरा दिवसांत माझ्या एखाद्या कल्पनेला तिने पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

प्रयोगशाळेतून मी रोज पान उघडून बघायचे. काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोन केला.

"आत्या, रील टाकतेस ना?"

"टाकतेय की. काल गुलाबी टाकलं."

"मला दिसत नाही."

"तुला कसं दिसेल? तू तिथे आहेस."

फोन जुना आहे, काहीतरी अडकत असेल, असा मी निष्कर्ष काढला. पुरावा नसताना काढलेला निष्कर्ष, पण मला घाई होती. दुसऱ्या खोलीत नमुने सुकत होते.

शनिवारी दुपारी मी परत आले. दुकानात दोन माणसं होती, आणि रविवारचा बाजार नसताना एका वेळी दोन माणसं मी तिथे कधी पाहिली नव्हती. कोपऱ्यावरचा बेकरीवाला काउंटरवर एक छोटंसं गडद हिरवं रीळ ठेवून उभा होता. त्याच्यामागे आमच्या गल्लीतली दातांची डॉक्टर, हातात तीन शर्ट.

"ताई, हे तुमचं," बेकरीवाला म्हणाला. "परवा माझ्या पिशवीत निघालं. मी फक्त बटणं घेतली होती."

"तुमचंच आहे ते," आत्या म्हणाली.

"मी दोरा मागितलाच नव्हता."

"मग बटणं लावली कशाने?"

बेकरीवाल्याच्या हिरव्या कोटाला मधल्या बटणाच्या जागी एक सेफ्टी पिन होती आणि आम्ही चौघंही तिच्याकडे बघत होतो.

"काढा इकडे," आत्या म्हणाली, आणि त्याच रिळातला दोरा सुईत ओवला. शिवून होईपर्यंत त्याने खण बघितले. मग त्याला आठवलं की बेकरीतल्या मुलांच्या कोटांचीही अर्धी बटणं गेली आहेत. तो चोवीस घेऊन गेला.

डॉक्टरबाईंना रीळ मिळालेलं नव्हतं. "आमच्या शेजारणीला मिळालं," त्या म्हणाल्या. "ती परत करायला येऊन गेली ना? तिने सांगितलं इथे बटण लावूनही देतात."

"लावून देत नव्हते," आत्या म्हणाली. "आता परत करायला येणाऱ्यांना रिकामं कसं पाठवायचं? ठेवा शर्ट."

त्या गेल्यावर मी विचारलं. सावकाश, कारण उत्तर मला आधीच दिसायला लागलं होतं. "आत्या, तू रोज पिशवीत रीळ टाकत होतीस?"

"तूच सांगितलंस. रोज एक. पहिल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत. सहा जणांना दिली, त्यातली चार परत आली. माणसं, रिळं नव्हेत."

"मी रील म्हटलं होतं. रील म्हणजे छोटा व्हिडिओ. ल."

"मग तेच तर. रीळ."

"ल, आत्या. लसणातला."

"मला लसूणही कळतो आणि लळाही कळतो. तू दातात वायर धरून बोलत होतीस, त्यात ल कुठला आणि ळ कुठला?"

मला हे सगळं फोनवर हवं होतं. मी तिला म्हटलं, हेच परत सांग, इकडे बघून. ती ताठ झाली, केस सारखे केले आणि बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "नमस्कार. आमच्या दुकानात सर्व प्रकारची बटणं रास्त दरात मिळतात." मी फोन रिळांच्या कपाटाला टेकवून चालूच ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण रंग कुठला असं विचारलंस, तेव्हा तुला शंका नाही आली?"

"मला?" आत्या म्हणाली. "शंका तुला यायला हवी होती. व्हिडिओला कुणी रंग विचारतं का? पदवी तुझ्याकडे आहे. लोक ध चा मा करतात, मी ल चा ळ केला, आणि माझ्या ळ ने चार माणसं आली. तुझ्या ल ने किती आली? आणि हे तुमचे व्हिडिओवाले शेवटी सारखे म्हणतात बटण दाबा, बटण दाबा. आमच्याकडे बटण दाबत नाहीत, लावतात. कुणाचं तुटलं असेल तर घेऊन या म्हणावं, बसल्या बसल्या लावून देते."

मी फोन उचलला आणि तिला दाखवला.

"यात माझे केस बघ," ती म्हणाली.

"टाकू का?"

तिने पुन्हा एकदा बघितलं आणि या वेळी मध्येच हसली. "टाक. ल वालं."

रविवारी रात्रीपर्यंत तो व्हिडिओ दोनेक हजार जणांनी पाहिला. त्या आकड्याचं मला आता कौतुक नव्हतं. मी खालचे शब्द वाचत होते. 'हे दुकान अजून आहे?' असं अकरा जणांनी विचारलं होतं, आणि त्यातले बरेच आमच्याच भागातले होते. कुणीतरी तो जवळच्या शाळेतल्या पालकांच्या गटात टाकला होता. मी प्रत्येकाला उत्तर दिलं: चष्म्याच्या दुकानाला लागून, एक पायरी चढून, दहा ते सात. ज्याला जुळणारं बटण हवं त्याने उरलेल्या बटणाचा फोटो पाठवावा, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल. आत्या फोटो बघून खणाची ओळ सांगायची. दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा तिने दोष नाण्याला दिला.

सोमवारपासून शेवटचा आठवडा. महिना शनिवारी संपत होता, म्हणजे सहा दिवसांत साठ माणसं हवी होती. मोजणी मी करू नये, असं मीच सुचवलं, कारण मी निःपक्ष नव्हते. चष्मेवाले काका म्हणाले, "मग मी करतो. मीही निःपक्ष नाही, पण उलट्या बाजूने." त्यांनी स्टूल आपल्या दारात असं ठेवलं की दोन्ही उंबरठे दिसावेत. आत्याने त्यांना एक रिकामी वाटी दिली आणि मूठभर पांढरी बटणं. दर माणसामागे वाटीत एक.

पहिल्याच दिवशी बाबा आले. काका हललेसुद्धा नाहीत.

"मी माणूस नाही का?" बाबांनी विचारलं.

"सख्खा भाऊ धरत नाही."

"बटण विकत घेतलं तर?"

"घ्या की. तरी धरत नाही."

बाबांनी सहा घेतली. कशाला, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

सोमवार, मंगळवार चांगले गेले. बुधवारी ओघ उतरला. गुरुवारी दुपारी तीनपर्यंत वाटीत त्या दिवसाची चारच बटणं पडली होती. मी नवा व्हिडिओ काढायचं म्हटलं तर आत्या नको म्हणाली. चिंधीने काउंटर पुसत राहिली, पुसलेलाच.

साडेतीनला दारात गलका झाला. शाळेतल्या नाटकाच्या बाई अकरा मुलांना घेऊन आल्या होत्या. नाटकात मुलं शिपाई होती आणि प्रत्येकाच्या अंगरख्याला पितळी बटणं हवी होती. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. काकांनी मुठीत बटणं घेतली आणि दारातून वाकून मोजायला लागले.

"एक, दोन... ताई, मुलं धरायची ना?"

मी म्हटलं, "माणूस म्हणजे माणूस. वयाची अट ठरली नव्हती."

आत्याने पितळी बटणांचा खण काउंटरवर ठेवला. "मुलं धरू नका," ती म्हणाली. "ती आपल्या पायांनी आलेली नाहीत, त्यांना आणलंय. बाई आल्या. एकच टाका."

"आत्या," मी म्हटलं.

"एकच," आत्या म्हणाली.

काकांनी एक बटण वाटीत टाकलं आणि उरलेली मूठ खिशात घातली. मुलं जाईपर्यंत ते दारातच उभे होते. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ठोकली मात्र नाही.

शुक्रवारी बेकरीवाल्याने आपल्या काउंटरवर एक पाटी लावल्याचं कळलं: 'बटणं शेजारच्या गल्लीत, लावून मिळतात.' मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मी फक्त त्या पाटीचा फोटो पानावर टाकला. शनिवारी सकाळी दोघीजणी तो फोटो दाखवतच आत आल्या, आणि त्यातल्या एकीच्या पिशवीत आत्याने नारिंगी रीळ टाकताना मी पाहिलं.

"आता तर तुला कळलंय ना रील म्हणजे काय?" मी हळूच विचारलं.

"तुझं तू टाक, माझं मी टाकते," आत्या म्हणाली.

सातला तिने दार अर्धं ओढून घेतलं. काका वाटी घेऊन आत आले आणि काउंटरवर उपडी केली. त्यांनी बटणं दहा-दहाच्या ओळींत लावली, बोटाने एकदा डावीकडून मोजली, एकदा उजवीकडून, आणि मग मला मोजायला सांगितली. आत्या पाठमोरी उभी राहून खण पुसत होती.

सदुसष्ट. भागिले सहा, अकरा पूर्णांक दोन दशांश.