सॉल्ट विंडोच्या आतली बाई

"तुम्ही माझी बायको उचलून नेलीत!"

नसरुद्दीन हे मराठीत ओरडला. जप्त मालाच्या सरकारी कचेरीत काचेपलीकडच्या कारकुनाला मराठीचा म कळत नव्हता, पण म्हातारा बिथरलाय एवढं रांगेतल्या सगळ्यांना कळलं. मग त्याने तेच हिंदीत सांगितलं आणि घोटाळा आणखी वाढला.

"औरत?" केरळी कारकून दचकला. "चाचा, औरत का मामला पोलीस में जाएगा. इधर खाली कॅसेट, सीडी, किताब."

"कॅसेटच! कॅसेट के अंदर थी वो."

कारकुनाने शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने छताकडे.

आता ह्यात वेडेपणा काय होता? नसरुद्दीन दापोलीकडचा. सारी उमर आखातात, मुशैरिब बाजारातल्या एका गाळ्यात, कफीलच्या म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या नावावर कॅसेटी विकण्यात गेली. अठ्ठ्याण्णव साली दुबईहून स्वस्तात खोकी आली, त्यात सॉल्ट विंडो नावाच्या इंग्लंडच्या बँडचा माल निघाला. लावून बघितली तर नुसती घरघर. त्याने हेड पुसलं, दुसरी लावली. तीच घरघर. आणि त्या घरघरीच्या पार आत कुठेतरी एक बाई गात होती.

दुकानातला फजल श्रीवर्धनचा, जिभेला हाड नाही. म्हणाला, "मामू, भाताच्या गिरणीत बाई कोंडली काय ह्यांनी?"

"पट्टी खराब असेल."

"सगळ्या खोक्याची?"

खुलासा केला एका इंग्रज मास्तरने. तो कॅसेट बघून असा हरखला, जणू गावचं माणूस भेटलं. म्हणाला, हे असंच असतं. ही पोरं स्टेजवर मान खाली घालून बुटांकडे बघत वाजवतात.

"लाजतात?" नसरुद्दीनने विचारलं.

"नाही. पायाशी बटणं असतात, आवाज फुगवायची."

मास्तरकडूनच पुढचं कळलं. पहिल्या कॅसेटला पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. दुसरीत घरघर आणखी वाढली, तर तेच पेपरवाले टिंगल करू लागले. घाबरून तिसरीत त्यांनी बाईचा आवाज स्वच्छ पुढे आणला, तर जुने ऐकणारे पळाले आणि नवे आलेच नाहीत. कंपनीने हाकललं. बाई आणि गिटारवाला भांडले. बँड फुटला. नसरुद्दीनच्या गाळ्यात खोकी उघडली तेव्हा ती माणसं एकमेकांचं तोंडही बघत नव्हती. म्हणजे तो विकत होता ते एका मोडलेल्या घराचं सामान.

विकत कसलं! मास्तरशिवाय कोणी घेईना. तेव्हा सुट्टीवर जाणाऱ्या गाववाल्यांबरोबर त्याने त्यातल्या काही घरी पाठवल्या. आखातातली माणसं तेव्हा तसंच करत. जुन्या कॅसेटच्या कडेच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, की तिच्यावर घरची माणसं बोलून पाठवत. फोनला वेळेची टांगती तलवार. कॅसेटीत बायको निवांत बोले.

बायकोची, ताहेरुन्निसाची कॅसेट आली. घरच्या टेपचं पुसायचं हेड कामातून गेलेलं, म्हणून जुनं पुरतं पुसलंच गेलं नव्हतं. खाली सॉल्ट विंडोची घरघर, आणि तिच्यात ताहेरुन्निसा.

"ओ, आयकताव ना? कौलां फिरवून घेतली. म्हस व्याली. मना ताप हाय, पन तुमी काय काळजी करू नुको…"

पुढे आवाज खाली नेऊन ती काहीतरी बोलली होती. नवऱ्यापुरतं. ते घरघरीत बुडालं होतं. नजमा वस्तीतल्या खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं, तिथे कसं ऐकणार? म्हणून ती कॅसेट दुकानातच राहिली. गिऱ्हाईक नसलं की तो स्पीकरला कान लावून बसे. कधी वाटे, लवकर या म्हणते. कधी वाटे, नाही, ती इंग्रज बाईच गातेय. दोघींचे आवाज त्याच्या डोक्यात असे कालवले गेले, की कोण कुठली ते सांगता येईना.

तो ताप काविळीचा निघाला. नसरुद्दीन गावी पोचला तेव्हा कबरीवरची मातीही सुकली होती.

आणि मग, तो दुकानात परतल्यावर, कोण कसली गाणी विकतं ते तपासणारे सरकारी साहेब आले. सॉल्ट विंडो लावायला सांगितली.

"ही काय म्हणते?"

"माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही ते विकतोस?"

फजल मध्ये तोंड घालून गेला, "साहेब, फ्रिजवाल्याला तरी बर्फ कसा होतो ते कुठे माहीत असतं?"

झालं. त्या बँडची दिसेल ती कॅसेट पिशवीत गेली. तीसुद्धा. नसरुद्दीनने हात धरला, ही माझी आहे म्हणाला. साहेबांनी ती लावली. घरघर, आणि आत अनोळखी भाषेत कुजबुजणारी बाई.

"ह्यात तर आणखी एक आहे! ही काय म्हणते?"

कौलं, म्हैस, हे त्याला सांगता आलं असतं. सांगितलंही. पण कुजबुज? ती त्याला स्वतःलाच कळली नव्हती, आणि कळली असती तरी बायकोने अंधारात सांगितलेलं कोणी भर दुकानात सांगतं का? साहेबांनी ती पुन्हा पिशवीत टाकली. खुर्चीवरच्या माणसाला प्रत्येक आवाजाचा अर्थ हातात लागतो. नाही मिळाला की तो आवाजच गुन्हेगार! ही कुठली अक्कल?

त्यानंतर त्याने ह्या कचेरीत पुष्कळ खेटे घातले. बाद में आना. साहेब सुट्टीवर. दूसरा डिपार्टमेंट. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. आता तर मुशैरिबच पाडायला काढलं होतं आणि गाळा रिकामा झाला होता. नसरुद्दीन खलास करून, म्हणजे व्हिसा रद्द करून, कायमचा गावी निघाला होता. मागच्या महिन्यात मास्तर नाचत सांगत आला, सॉल्ट विंडो पुन्हा एकत्र आले! नवी पोरं त्यांच्यासाठी रांगा लावतात! नसरुद्दीनला त्याचा इतका राग आला की त्याने चहासुद्धा विचारला नाही. भांडून वेगळी झालेली जिवंत माणसं, त्यांना काय, आज तोंड फिरवतील, उद्या गळ्यात पडतील.

"चाचा, नाम बोलो कॅसेट का," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

"सॉल्ट विंडो."

तो आत गेला. बराच वेळ खडखडाट झाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कॅसेट होती आणि चेहऱ्यावर हसू. धूळ पुसून त्याने ती काचेखालून सरकवली.

"यही ना? सेम टू सेम. नसीब देखो, पॅकिंग भी नहीं खुला. एकदम नया पीस! शुक्रन बोलो."

वरचं प्लॅस्टिक अजून चकचकत होतं. नाव तेच, कव्हरवर तीच निळी खिडकी. नसरुद्दीनने ती उलटी केली, कडेला अंगठा फिरवला. कागदाचा बोळा नव्हता.

त्याने कॅसेट परत सरकवली.

"अरे? वही तो है!"

"वही नहीं है. इसमें वो नहीं है."

"कौन?"

मागचा कोणीतरी ओरडला, "यल्ला, चाचा, जल्दी!" नसरुद्दीन हलला नाही. त्याने काचेच्या भोकाशी तोंड नेलं. आता त्याला हिंदी सुचेना.

"ओ, आयकताव ना?" तो म्हणाला. "ती खंय ठेवलीत?"

रांग पुढे रेटत होती. नसरुद्दीनने दोन्ही हात काउंटरवर रोवले आणि दुकानातल्या स्पीकरला लावायचा तसा काचेला कान लावला.

"बोला. मी आयकतंय."