सायबाचो वाटो

"रेवती, ते जाळं बाल्कनीतून काढायला सांग यार. वरच्या भाटिया आंटी दोनदा बेल वाजवून गेल्या," विश्वास नाक दाबून म्हणाला. माझा नवरा पुण्याचा, नोकरी नोएडातली. त्याला मासा फक्त ताटात चालतो.

"जाळ्याक दर्याचोच वास येतलो. अत्तराचो खयसून येतलो, जावयबापू?" पद्माकरकाका हसले, पण जागचे हलले नाहीत. सुमित्राकाकू फाटलेलं जाळं विणत होती, तिने तर मानही वर केली नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मालवणाकडच्या आमच्या वाडीच्या रापणीचे मुख्य. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या वाडीने दोर ओढायचा, ही रापण. नियम एकच. दोराला हात लावेल त्याला वाटा, मग ती विधवा बाई असो नाहीतर वाटेने जाणारा परका. आणि जाळं रिकामं आलं तर तेही सगळ्यांचंच. ते झाडून, उचलून ठेवल्याशिवाय कुणी घरचा रस्ता धरायचा नाही.

हल्ली जाळं रिकामंच यायचं. इकडे दिल्लीत दुकानोदुकानी परदेशी थंड पेयं आली, तिकडे आमच्या दर्यात मोठाले ट्रॉलर आले. ते पार किनाऱ्यापर्यंत घुसून पिल्लांसकट सगळं खरवडून नेत. काकांनी जिल्ह्याच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या, पण ऐकणार कोण? म्हणून विश्वासचा फोन जाताच ते वाडीतली सहा माणसं आणि जाळ्याचा एक तुकडा घेऊन गाडीत बसले.

"आमच्या मंडळाचा कोकण मेळा आहे," विश्वास म्हणाला होता. "मासेमारी खात्याचे मोठे साहेब चीफ गेस्ट आहेत. तुम्ही रापण दाखवा, मग मी तुमचं बोलणं करून देतो. बिल्कुल पक्कं."

मेळा नव्या क्लबच्या लॉनवर होता. गवतावर निळं प्लास्टिक अंथरलेलं, तोच समुद्र. आमची माणसं त्यावरून रिकामं जाळं ओढत होती आणि लोक टाळ्या पिटत होते. मी रेशमी साडी सावरत कडेला उभी. मला रडू येत होतं.

तेवढ्यात साहेब पुढे आले, कोट काढला आणि दोर धरला. "वाह, कितना भारी है!" फोटो निघाले.

काकांचा चेहरा उजळला. "सुमित्रा, सायबान दोरयेक हात लावल्यान गो!"

"बगलंय," काकू म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. दोराला हात लावलेला माणूस आमच्यात परका राहत नाही.

मग जेवणाच्या मांडवात विश्वासने काकांना साहेबांपुढे उभं केलं. साहेबांच्या ताटात तळलेली सुरमई होती. काकांनी हात जोडले. "साहब, ट्रालर किनारे तक आता है. सब मछली ले जाता. हमारा रापण खाली."

साहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. "काका, ज़माना बदल गया है. आप लोग भी ट्रॉलर ले लीजिए, लोन दिलवा देंगे. देखिए, अब दिल्ली में भी कितनी बढ़िया मछली मिलती है."

"सगळ्यांनीच ट्रालर घेतल्यानी तर मासो खय रवतलो, सायबानु?" काकांच्या तोंडून मालवणीच निघालं.

साहेबांनी विश्वासकडे पाहिलं. विश्वास हसून म्हणाला, "कह रहे हैं सर, सोचेंगे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी हिंदी काकांनाही कळत होती. त्यांनी विश्वासकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

साहेब गाडीकडे निघाले तसे काका मागे धावले. "सायबानु, जाळा उचलूचा हा! जाळा रवला!" गाडीचं दार लागलं. साहेबांनी आतून हात हलवला.

"जल्दी समेटो, यहाँ शादी का टेंट लगना है," माळी खेकसला. मी पदर खोचला आणि जाळ्याचं टोक धरलं. जरा वेळाने विश्वासही आला. त्याने बूट काढून बाजूला ठेवले आणि खाली मान घालून उभा राहिला. काकांनी सरकून त्याला जागा करून दिली. जाळं झाडलं तर कागदी बशा पडल्या आणि सुरमईचा एक चघळलेला काटा.

"सायबाचो वाटो रवलो," काका म्हणाले.

"कसलो वाटो?" काकू वैतागली. "काय गावला हा वाटूक?"

"रिकामा जाळा इला नाय? तेतलोच."

जाळं ओलं नव्हतं, तरी फार जड लागलं. साहेबांचा वाटाही आम्हीच खांद्यावर घेतला आणि घरी निघालो.