मत्सराच्या मापाची फीत

शुक्रवारी सान एवारिस्तो गावच्या क्लबात ओव्हिदियो साबालेताने टेबलावर मूठ आपटली आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात फास अडकवला.

"रविवारी माझी गाडी पाल्मिरोच्या गाडीपुढे आली नाही, तर माझ्या वर्कशॉपची पाटी मी उतरवीन आणि तिथं पाल्मिरोचं नाव लावीन!"

ती पाटी त्याच्या बापाने रंगवलेली होती. समोरच्याच गल्लीत शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या पाल्मिरोने शांतपणे ग्लासातला बर्फ हलवला. "अक्षरं जरा ठसठशीत काढ हं, ओव्हिदियो. मला चष्मा आहे."

गाडी चालवणार होती ओव्हिदियोची भाची, मारिसेल. शनिवारी सकाळच्या सरावात मोठ्या वळणावर गाडीचं शेपूट असं नाचलं की कडेला मांस भाजत बसलेल्या लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. ओव्हिदियो तडक घरी गेला, भाजायच्या चुलीवरचं पत्र्याचं धुराडं उपटलं, ठोकून त्याचा दरवाज्याएवढा पंख केला आणि गाडीच्या ढुंगणावर बसवला.

आता वाऱ्याने शेपूट असं दाबलं की विचारू नका. मागच्या चाकांनी डांबरात पाडलेल्या चऱ्या अजून तिथं आहेत. पावसाळ्यात त्यांत बदकं पोहतात. पण मारिसेल परतली ती गवताने माखून.

"मामा, मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी म्हणाली, तू हो पुढे, मी जरा गाईंना भेटून येते!"

ओव्हिदियोने कपाळ बडवून घेतलं. पंख मागच्या चाकांच्याही मागे लटकलेला. सीसॉच्या एका टोकावर जाडा मामा बसला की दुसऱ्या टोकाची भाची वर जाते, तसं शेपूट दबलं आणि नाक उचललं. पुढची चाकं नुसती रस्त्याला गुदगुल्या करत होती. पंख कापायला त्याने कात्री उचलली, तेवढ्यात शर्यतीचा तपासनीस आला आणि शिक्का मारून गेला. शिक्क्यानंतर पत्र्याला हात लावला की गाडी बाद.

ओव्हिदियोने नळीने ‘माते’चा, तिकडच्या कडू चहाचा, घोट घेतला, तो त्याला पाटीच्या रंगासारखा लागला.

रविवारी सकाळी त्याची थोरली बहीण एल्विरा, मारिसेलची आई, लाल फीत घेऊन आली. मत्सराची नजर लागू नये म्हणून तिथं प्रत्येक गाडीला बोटभर लाल फीत बांधतात, आरशाला. एल्विराने आणली होती चांगली चार हात.

"ताई, ही काय गाईची दोरी आहे का?"

"तू क्लबात जेवढा भुंकलास, तेवढाच गावाचा मत्सर वाढला. मी मापून आणलीय."

आणि तिने ती पंखाच्या खालच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठी मारमारून बांधली. वर बांधली असती तर ती पाहून पाल्मिरो हसला असता ना!

गाड्या सुटल्यावर ओव्हिदियोला खाली फडफडणारी फीत दिसली. "खालून नाही ग ताई! पंखाचं खरं काम खालचा वारा करतो! तो विस्कटला की शेपूट—"

ओव्हिदियोचं तोंड उघडंच. शेपूट हलकं होणार. आणि शेपूट हलकं झालं की नाक...

मोठं वळण आलं. पाल्मिरोच्या गाडीने ब्रेक लावला. मारिसेलने लावलाच नाही. नाक आत घुसलं, शेपूट इमानदारीने मागोमाग आलं आणि ती बाहेरच्या बाजूने अशी निघून गेली की भाजणाऱ्यांच्या काट्यांवरचे सॉसेज तिच्यामागे वळले.

"नाक आत घेतलंन ग, आत घेतलंन!" ओव्हिदियो तपासनिसाच्या गळ्यात पडून नाचू लागला. "साहेब, फितीबद्दल नियमात काही आहे का?"

"फीत सगळ्यांनाच असते," तपासनीस गुदमरत म्हणाला. "लांबी कुठं लिहिलीय!"

मारिसेल अकरा गाड्यांच्या अंतराने जिंकली. ओव्हिदियो हार घालून घेत जमलेल्यांना सांगू लागला, "हे सगळं मी शनिवारीच हिशेबात धरलं होतं."

"हो का?" एल्विरा कमरेवर हात ठेवून उभी. "मग पुढच्या शर्यतीला किती हात फीत लागेल?"

ओव्हिदियोने आकाशाकडे पाहिलं, पंखाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग गुपचूप शिडी आणायला गेला.

सोमवारी पाटी उतरलीच. पाल्मिरो चष्मा पुसत धावत आला, तोवर ती पुन्हा वर चढली होती. बापाच्या अक्षरांखाली ओला रंग चमकत होता: "आणि बहीण".

"अक्षरं दिसतायत ना रे नीट?" शिडीवरून ओव्हिदियोने विचारलं.